गरम मुठींची करवत

प्रताप निंबाळकर माझा मित्र आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. चांगला मित्र आहे. अडीअडचणीला धावून येतो. माझा राग आहे तो त्यावरच, कारण अडचण दर वेळी माझी असते आणि धावून येणारा दर वेळी तो. आम्ही दोघं न्युरेम्बर्गच्या एकाच कंपनीत इंजिनियर, आणि शहराबाहेरच्या एकाच खेड्यात, एकाच गल्लीत राहतो. त्यानं घर घेतलं, मग मी घेतलं. त्याच्याकडे लाकडाची शेगडी आली, जिला इथं कामिनओफन म्हणतात, मग माझ्याकडे आली. इथं जंगलात जाऊन स्वतः लाकूड कापायचं तर चेनसॉ चालवायचा परवाना लागतो. तो त्यानं काढला, मग मी काढायला गेलो. परीक्षकानं माझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि इथल्या रीतीनं आडनावाआधी हेर, म्हणजे श्रीयुत, लावून म्हणाला, "हेर माईणकर, तुमचे मित्र हेर निंबाळकर काय सुंदर कापतात हो!"

इथल्या खेड्यात माणसाची पत गाडीवरून ठरत नाही, लाकडाच्या ढिगावरून ठरते. फोडलेलं लाकूड घराच्या भिंतीला लावून रचायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते बघायचं. आमचे शेजारी हेर त्साप्फ रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून गावाचे परीक्षक आहेत. ते रोज सकाळी कुत्र्याला फिरवताना प्रतापच्या ढिगापुढे थांबतात, मान कलती करतात आणि म्हणतात, "झाउबर!" शब्दशः याचा अर्थ स्वच्छ, नीटनेटकं. पण आमच्या फ्रँकन भागातला माणूस एरवी कशालाच चांगलं म्हणत नाही, त्यामुळे झाउबर म्हणजे पद्मश्रीच समजायची. माझ्या ढिगापुढेही ते थांबतात, नाही असं नाही. पण ते कुत्र्यासाठी.

तर अशा परिस्थितीत, गेल्या सप्टेंबरात, जुन्या वस्तूंच्या एका साइटवर मला ती दिसली. गरम मुठींची चेनसॉ. इंजिन फिरायला लागलं की आतलं एक छोटं कॉइल वीज तयार करतं, ती मागच्या आणि पुढच्या मुठीत बसवलेल्या तापणाऱ्या पट्ट्यांतून जाते, आणि कडाक्याच्या थंडीतही धरणाऱ्याचे हात उबदार राहतात. कॅनडा नाहीतर स्वीडनमध्ये दिवसभर जंगलात राबणाऱ्यांसाठी केलेली ही सोय. वर्षातून दोन शनिवार लाकूड कापणाऱ्या माईणकरांना तिची गरज काय, असा प्रश्न माझ्या बायकोनं, मालिनीनं विचारला. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर सोपं होतं. प्रतापच्या चेनसॉला हे नव्हतं. शिडी परत करायच्या निमित्तानं त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन मी खात्री करून घेतली होती.

करवत विकणाऱ्या शेतकऱ्यानं ती माझ्यासमोर सुरू केली. मी मूठ धरली. थोड्या वेळात तळव्यांना ऊब लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला प्रतापची दया आली.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला तो भेटला, तेव्हा मी प्रसाद खाता खाता, अगदी सहज, विषय काढला. "माझ्या नवीन करवतीची हँडल्स गरम होतात. छोटीशीच गोष्ट आहे म्हणा."

"काय सांगतोस!" प्रताप म्हणाला. "जानेवारीत फोर्स्टर लाकूड देईल ना, तेव्हा मला धरून बघू दे हां. सकाळी बोटं पार बधिर होतात यार."

फोर्स्टर म्हणजे इथला वनाधिकारी. दर जानेवारीत तो जंगलाच्या रस्त्याकडेला ओंडक्यांवर रंगानं नंबर घालून देतो, आणि आम्ही आपापले ओंडके कापून आणतो. मी त्या दिवसाची वाट बघायला लागलो. प्रताप थंडगार बोटांनी माझी मूठ धरेल, आणि त्याचा चेहरा उतरेल. फार नको, थोडासा. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, प्रतापला माझा हेवा वाटावा, यापलीकडे माझं देवाकडे काही मागणं नव्हतं. त्यानं निदान हे तरी द्यायला हरकत नव्हती.

पण देवाला मध्ये घातलं की काय होतं ते दसऱ्यानंतर कळलं. खंडेनवमीला आम्ही दरवर्षी हत्यारांची पूजा करतो. माझा ड्रिल, मल्टिमीटर, मालिनीची शिवणाची कात्री आणि तिचा लॅपटॉप. यंदा मध्यभागी चेनसॉ होती. साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या.

"जावईबापू, नवीन हत्यार आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं हळदकुंकू नका लावू. पंचामृताचा हात फिरवा."

"आई, ते मशीन आहे," मालिनी म्हणाली.

"मग? यांच्या ट्रॅक्टरला आम्ही लावलं होतं. अजून चालतोय."

सासूबाईंचा शब्द मी सहसा मोडत नाही, आणि त्या दिवशी तर मोडायची मुळीच इच्छा नव्हती, कारण मला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा होता. दूध, दही, तूप, मध, साखर. मी फुलानं शिंपडलं. खास गुण मुठीत आहे म्हणून मुठीवर जास्त शिंपडलं. वर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. फोटो टाकला. प्रतापनं लिहिलं, "सुंदर! वहिनींना आणि तुला दसऱ्याच्या शुभेच्छा." त्यात हेव्याचा मागमूस नव्हता. मूठ नीट दिसली नसेल, असं वाटून मी पुन्हा मध आणि हळदकुंकू लावून जवळून दुसरा फोटो काढला.

नोव्हेंबरात पहिलं दंव पडलं. मी अंगणात करवत सुरू केली, मुठीजवळचं बटण दाबलं, आणि धरून उभा राहिलो. मागची मूठ थंड. पुढची मूठ थंड. बटण बंद-चालू केलं, इंजिनाचा वेग वाढवला, मनातल्या मनात रामरक्षा म्हटली. हात गरम झाले नाहीत, कान मात्र झाले, कारण कुंपणापलीकडे हेर त्साप्फ उभे होते.

"काय कापताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मूठ गरम होत नाहीये."

त्यांनी विचार केला. "आमच्या वेळी आम्ही गरम बटाटे खिशात ठेवायचो," ते म्हणाले, आणि कुत्र्याला घेऊन निघून गेले. जाताना प्रतापच्या ढिगापुढे थांबायला विसरले नाहीत.

आता पंचाईत अशी, की मूठ तापते की नाही हे बघायला इंजिन चालवावं लागतं, आणि या देशात इंजिन चालवायला वेळ शिल्लकच नसतो. दुपारी शांततेची वेळ, संध्याकाळी मी येईपर्यंत अंधार आणि पुन्हा शांततेची वेळ, रविवारी तर शिंकसुद्धा दबकत द्यायची. उरला शनिवार. दोन शनिवार मी अंगणात चालू करवत हातात धरून पुतळ्यासारखा उभा राहिलो. तिसऱ्या आठवड्यात ओर्डनुंग्सआम्टमधून, म्हणजे गावात शिस्त आहे की नाही हे बघणाऱ्या कार्यालयातून, फोन आला.

"हेर माईणकर, तुम्ही अंगणात झाडं तोडताय का? त्याला परवानगी लागते."

"नाही हो, मी काहीच तोडत नाही."

"मग लाकूड कापता?"

"नाही. मी फक्त चालू करवत धरून उभा राहतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आल्झो, असं बघा," साहेब शेवटी म्हणाले, "झाडासाठी नियम आहे, लाकडासाठी आहे. नुसतं धरून उभं राहण्यासाठी मला सहकाऱ्याला विचारावं लागेल." तो सहकारी रजेवर होता. तो येईपर्यंत मी धरू नये, असं ठरलं.

मग मी सल्ला घ्यायचं ठरवलं. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. पण ग्रुपवर प्रतापही होता, म्हणून लिहिलं, "माझ्या एका मित्राच्या चेनसॉची हँडल्स तापत नाहीत. काय कारण असावं?" हॅनोव्हरच्या एका काकांनी लिहिलं, स्पार्क प्लग बदला. त्यांच्या मते सगळ्याच रोगांचं मूळ स्पार्क प्लग. कुणी म्हणालं ग्लोव्हज घाला. कायझर्सलाउटर्नला पीएचडी करणाऱ्या अनयनं उष्णतावहनाचा एक रंगीत आलेख पाठवला, ज्यात माझा हात निळा होता. आणि सगळ्यांत शेवटी प्रतापनं लिहिलं, "श्याम, तुझ्या त्या मित्राला माझ्याकडे पाठव. बघून देतो."

त्या रात्री मी जेवलो नाही. मालिनी म्हणाली, "अहो, दाखवा ना मग भाऊजींना. त्यांचा हात चांगला आहे."

माझ्या लग्नाच्या बायकोनं हे वाक्य माझ्याच डायनिंग टेबलावर उच्चारावं! मी मोटर बनवणाऱ्या कंपनीत पगार घेतो, विजेवर पदवी घेतली आहे, आणि हिला प्रतापचा हात चांगला दिसतो. मी म्हटलं, "मी जगात कुणालाही दाखवीन, पण त्याला नाही."

म्हणून मी शनिवारी गावच्या रिपेअर कॅफेत गेलो. चर्चच्या सभागृहात लोक बिघडलेले टोस्टर, रेडिओ घेऊन येतात, स्वयंसेवक ते दुरुस्त करतात, आणि सोबत केक मिळतो. मी चेनसॉ टेबलावर ठेवताच शेजारची आजी आपला केक घेऊन उठली. व्यवस्थापिका फ्राऊ लिंडनर धावत आल्या.

"ही नाही चालणार. विम्यात बसत नाही."

"पण मला फक्त हँडल तापवायचंय. पातं आणि साखळी काढूनच आणलीय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "साखळी नाही, म्हणजे ही करवत नाही. करवत नाही, तर कुठल्या वर्गात लिहू? आणि पेट्रोल आहे, म्हणजे घरगुती उपकरणातही नाही." शेवटी त्यांनी मला केकचा एक तुकडा दिला. तो चांगला होता, हे कबूल करायला हवं.

दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाला, टर्मिन, म्हणजे दुरुस्तीची वेळ, मार्चमध्ये. माझी लाज जानेवारीत जाणार होती. तेव्हा मी ठरवलं, आता आपणच. वास्तविक हे मी नोव्हेंबरातच ठरवायला हवं होतं, पण अंगणातून दिसणारी प्रतापच्या गॅरेजची खिडकी मला विचार करू देत नव्हती. तिथं दिवा लागला की वाटायचं, याचं काहीतरी नीट चाललंय.

बाहेर थंडी, म्हणून करवत पेट्रोल काढून स्वयंपाकघरात आणली. हेर त्साप्फनी खिडकीतून बघून मत दिलं, की पुढच्या मुठीतली पट्टी जळली असणार. ते इतक्या ठामपणे बोलले की मी मल्टिमीटर बाजूला ठेवून सुरी घेतली आणि पुढच्या मुठीचं रबर उभं कापून काढलं. आतली पट्टी ठणठणीत होती. वर्षानुवर्षं कंपनीत नवीन पोरांना "आधी मोजा, मग उघडा" असं शिकवणारा मी, हातात फाटलेलं रबर घेऊन उभा होतो. मालिनीनं पोळ्या लाटता लाटता तिकडे बघितलं, आणि पुढची पोळी लाटायला घेतली. काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग शांतपणे बसून मोजलं. यात कळीची गोष्ट अशी, की वीज एकाच ओळीनं जाते. कॉइलमधून बटणात, बटणातून मागच्या मुठीत, तिथून पुढच्या मुठीत, आणि पुढची मूठ इंजिनाला जिथं स्क्रूनं जोडलेली असते तिथून परत. ओळीत कुठेही खंड पडला की दोन्ही मुठी थंड. कॉइल ठीक. दोन्ही मुठींच्या पट्ट्या ठीक. राहिलं बटण. ते चालू करून मोजलं, तर मल्टिमीटरच्या मते तिथून काहीच पलीकडे जात नव्हतं.

बटण उघडलं. आत पिवळा-लाल, चिकट, कडक झालेला थर होता. मी वास घेतला. मालिनीनं घेतला.

"मध," ती म्हणाली.

"आणि हळदकुंकू," मी म्हणालो. मधात साखर, तूप आणि हळदकुंकू कालवून त्याचा इतका उत्तम विद्युतरोधक तयार होतो, हे आमच्या कंपनीला अजून माहीत नाही. अक्षतेचा एक दाणा तर दोन संपर्कांच्या बरोबर मध्ये बसला होता. दोन्ही फोटोंसाठी केलेल्या शृंगाराचा तो प्रसाद होता.

मालिनीनं लगेच सासूबाईंना फोन लावला. त्या मुळीच डगमगल्या नाहीत. "ट्रॅक्टरला बटण कुठं होतं? हँडल मारायचे. आणि मी हात फिरवा म्हटलं, अंघोळ घाला कुठं म्हटलं?"

मी स्पिरिटनं बटण लखलखीत केलं. फाटलेल्या रबरावर काळी टेप गुंडाळली, आणि ती इतकी सुबक गुंडाळली की मालिनीसुद्धा "बरं दिसतंय" म्हणाली. पुढची मूठ परत बसवताना जुना स्क्रू ओबडधोबड वाटला, म्हणून नवा घातला, आणि मुठीला ओरखडा नको म्हणून वर-खाली छान रबरी वॉशर लावले. तो सहकारी अजून रजेवर होता, तरी शनिवारी परवानगीच्या वेळेत करवत सुरू केली. मुठी बर्फासारख्या थंड. मी करवत बंद केली. मला प्रतापचा इतका हेवा कधी वाटला नव्हता. कारण प्रतापची करवत बिघडलीच नव्हती. तिच्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यानं साधी करवत घेतली, आणि ती चालत होती.

वॉशर काय करत होते हे ध्यानात यायला मला रात्रीच्या वरणभातापर्यंत वेळ लागला. वीज परत जाते ती त्याच स्क्रूनं, आणि मी तिच्या वाटेत हौसेनं रबर घातलं होतं. वॉशर काढले. पुढच्या शनिवारी करवत सुरू केली, आणि आधी मागची, मग पुढची मूठ तापली. मी हातमोजे काढले, मालिनीला हाक मारली, तिनं दोन्ही हातांनी मूठ धरून बघितली आणि म्हणाली, "अगंबाई, खरंच की!" सोमवारी पुन्हा ओर्डनुंग्सआम्टचा फोन आला. सहकारी रजेवरून परतला होता, आणि त्याच्या मते नुसतं धरून उभं राहायला हरकत नव्हती.

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी जंगलात श्वास गोठत होता. रस्त्याकडेला फोर्स्टरनं निळ्या रंगानं नंबर घातलेले ओंडके पडले होते. मालिनी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात साबुदाणा वडे घेऊन आली होती. हेर त्साप्फ आले होते, ते कुत्र्यासाठी. प्रताप आधीच कामाला लागला होता. त्याचे हातमोजे दंवानं ओले झाले होते, ते त्यानं फांदीला अडकवले होते, आणि त्याची बोटं गाजरासारखी लाल झाली होती. असं दृश्य मी महिनोन्‌महिने मनात बघितलं होतं, पण प्रत्यक्षात ते त्याहून सुरेख होतं.

मी करवत सुरू केली, बटण दाबलं, थोडा वेळ जाऊ दिला. मग साखळीचा ब्रेक लावला आणि म्हटलं, "प्रताप, तू धरून बघणार होतास ना?"

त्यानं धरली. डोळे मिटले. "आई गं," तो म्हणाला. "श्याम! काय सुख आहे रे हे!"

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो उतरायची वाट बघत होतो.

"भाऊजी, बोटं बघा कशी झालीत तुमची," मालिनी मध्येच म्हणाली. "राहू दे ती तुमच्याकडेच आज. यांचे तळवे मुळातच गरम असतात. अहो, तुम्ही त्यांची घ्या ना."

"नको वहिनी, त्याची आहे, त्यानं—"

"घ्या हो!" मालिनी म्हणाली, आणि प्रतापची करवत उचलून माझ्या हातात दिली.

सगळ्या जंगलासमोर नाही कसं म्हणणार? मी ती थंडगार करवत घेतली. दोरी ओढली, एका फटक्यात सुरू झाली. माझी चार-पाच फटके घेते. वजनाला माझीच्या निम्मी असेल. ओंडक्याला लावली, तर लोण्यात सुरी शिरावी तशी शिरली. याची साखळी इतकी धारदार कशी? हा घासतो कधी? माझी बोटं बधिर होत चालली होती, तरी मला थांबवेना, कारण असं कापायला मला कधीच जमलं नव्हतं. माझ्या हातून चकत्या एकसारख्या पडत होत्या. हेर त्साप्फ जवळ आले, मान कलती करून बघू लागले, आणि म्हणाले, "झाउबर! हेर निंबाळकरांची करवत आहे ना ही?"

प्रतापनं त्याची करवत, म्हणजे माझी, बंद केली आणि चहा प्यायला माझ्याजवळ आला. तोंडभर हसत होता. त्यानं आपले उबदार तळवे माझ्या गालांवर ठेवले, शाळेतली पोरं ठेवतात तसे.

"खरं सांगू का श्याम," तो मोठ्यानं म्हणाला, मालिनीला, हेर त्साप्फना, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला ना, आज तुझा प्रचंड हेवा वाटतोय. स्वतः उघडून दुरुस्त केलीस म्हणे! वहिनींनी सांगितलं. मला नसतं बाबा जमलं. जळतोय मी, अगदी जळतोय!"

आणि साबुदाणा वडा तोंडात टाकून मोकळा झाला.

जे ऐकायला मी गेली कित्येक वर्षं तळमळत होतो, ते यानं चारचौघांत, हसत हसत, वडा खाता खाता सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला नव्हता. उलट खुलला होता. मला मात्र त्याचा हेवा वाटतो, हे एकदाही सांगता आलेलं नाही. ना त्याला, ना मालिनीला. हेवा करण्यातसुद्धा हा माझ्यापुढे गेला.

"चहा घे की," प्रताप म्हणाला. "हात बघ किती गार पडलेत तुझे."